ज्ञानाचें विसर्जन आणि कथेचें निर्वहण

‘ज्याचा शेवट गोड तें सर्वच गोड’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळलेली आहे कीं, तिच्यांत जी एक अट गृहीत धरलेली आहे तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ती अट अशी कीं, शेवटाचा गोडपणा हा मागच्या पाकांतच मुरलेला असावा; पानावर वाढल्यावर वरून शिंपडलेल्या साखरेचा तो नसावा. वरची साखर जिभेला क्षणभर गोड लागते, पण पदार्थ कच्चा असेल तर तो कच्चाच राहतो आणि पुढें पोटांत बाधतो. एका परदेशीय विज्ञानकथामालिकेच्या शेवटाविषयीं आज जें लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे, त्याचें कारण अशीच एक जुनी बाधा होय.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ हें त्या मालिकेचें नांव. याच नांवाची एक मालिका ग्लेन लार्सन यांनीं १९७८ सालीं अमेरिकन दूरचित्रवाणीवर काढली होती. ती वर्षभरांतच बंद पडली. तिचा सांगाडा घेऊन रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आयक यांनीं २००३ च्या डिसेंबरांत नवी कथा उभी केली, आणि ती चार पर्वें चालून २० मार्च २००९ रोजीं संपली. कथेचें बीज थोडक्यांत असें: मनुष्यांच्या बारा वसाहती बारा ग्रहांवर नांदत आहेत. त्यांनीं आपल्या सेवेसाठीं ‘सायलॉन’ नांवाचीं यंत्रें घडविलीं. यंत्रांनीं बंड केलें, युद्ध झालें, तह झाला. आणि चाळीस वर्षांच्या शांततेनंतर तीं यंत्रें परत आलीं. त्यांतील कांहींनीं आतां हुबेहूब मनुष्याचें रूप घेतलेलें आहे. एका दिवसांत अब्जावधि मनुष्यांचा संहार होतो. वांचतात ते पन्नास हजारांच्या आसपास. त्यांचा तांडा, ‘गॅलॅक्टिका’ या मोडींत काढावयास निघालेल्या एकाच युद्धनौकेच्या आश्रयानें, ‘पृथ्वी’ नांवाच्या एका पौराणिक ग्रहाच्या शोधार्थ अंतराळांत निघतो. तांड्याच्या अध्यक्षपदीं बसते लॉरा रोझलिन नांवाची पूर्वाश्रमीची एक शिक्षिका. ती शिक्षणमंत्री होती. अध्यक्षपदाच्या वारसांत तिचा क्रमांक ४३ वा. पण वरचे ४२ जण त्या एका दिवसांत मेले.

या मालिकेवर आम्ही लुब्ध झालों होतों हें प्रथमच कबूल करतों; कारण ज्यावर प्रेम नाहीं त्यावर रागावण्याचा अधिकारहि नाहीं. आमच्या लोभाचें कारण तिच्यांतील तोफांचा भडिमार नव्हतें. तें कारण म्हणजे तिचा जमाखर्च. ज्या भागास २००५ सालीं विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, त्यांत शत्रु दर ३३ मिनिटांनीं येऊन गांठतो, आणि पांच दिवसांहून अधिक काळ न निजलेलीं माणसें दर ३३ मिनिटांनीं नव्या ठिकाणीं उडी घेतात. त्या तांड्यांत एक उतारूंची नौका शत्रूच्या कह्यांत गेली असावी असा संशय येतो. तिच्यावर हजाराहून अधिक माणसें असल्याचा संभव. आणि तरीहि ती नष्ट करण्याची आज्ञा द्यावी लागते. रोझलिनच्या भिंतीवर एक फळा आहे. वांचलेल्यांची संख्या त्यावर लिहिलेली असते. कोणी मेलें कीं आंकडा उतरतो. त्या भागाच्या शेवटीं एक मूल जन्मास येतें, आणि रोझलिन आंकड्यांत एकाची भर घालते. पाणी किती उरलें, इंधन किती, औषधें किती, मतें कोणास किती, याचा हिशेब ही मालिका वर्षानुवर्षें ठेवीत गेली. परकीय सैन्याखालीं दडपलेल्या प्रजेनें आत्मघातकी हल्ले करावेत कीं काय, असा प्रश्न तिनें २००६ सालीं, इराकचें युद्ध चालू असतां, अमेरिकन घरांत नेऊन ठेविला. शेवटचा भाग दाखविला जाण्यापूर्वीं तीनच दिवस, १७ मार्च २००९ रोजीं, न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रांच्या मुख्य कचेरींत मानवी हक्कांविषयींच्या चर्चेस या मालिकेचे कर्ते व नट यांस बोलाविण्यांत आलें. करमणुकीच्या वस्तूस असा मान क्वचितच मिळतो, आणि तो अस्थानीं होता असें आम्ही म्हणणार नाहीं.

आम्हीं ही मालिका प्रथम पाहिली तेव्हां आमची कन्या पाळण्यांत होती. ती निजली कीं आम्ही उभयतां तबकडी लावून बसत असूं, आणि भाग संपला कीं स्वयंपाकघरांत दूध विरजतां विरजतां वाद घालीत असूं. शेवटच्या भागानंतर मात्र वाद झाला नाहीं. आम्ही दोघेंहि कांहीं न बोलतां उठलों. त्यास आज पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला. मध्यंतरीं एका सुटींत त्याच कन्येनें आमच्या शेजारीं बसून सर्व मालिका पाहिली, आणि शेवटीं त्या नौका सूर्यांत जातांना पाहून ती समाधानानें म्हणाली, ‘‘बाबा, किती बरें झालें! सुटले एकदांचे सगळ्यांतून.’’ अकरावीच्या पुस्तकांचा ढीग ज्या मुलीसमोर पडलेला आहे तिनें हा उद्गार काढावा, यांत नवल नाहीं. पण आमच्या वर्गांतील चांगले, विचारी विद्यार्थीहि याच शेवटास ‘उदात्त’ म्हणतात, हें जेव्हां आमच्या ध्यानांत आलें, तेव्हां हा प्रश्न एका मालिकेपुरता राहिला नाहीं असें वाटून आम्हीं लेखणी उचलली.

शेवट आहे तरी काय? हेरा नांवाची एक बालिका आहे. तिचा पिता मनुष्य व माता सायलॉन. तिला शत्रूनें पळवून नेलें आहे. तिला सोडविण्यासाठीं नौसेनापति अडामा आपली जीर्ण नौका घेऊन एका कृष्णविवराच्या कांठावरील शत्रूच्या तळावर तुटून पडतो. (कृष्णविवर हा शब्द मराठी वाचकांस नवा नाहीं, जयंत नारळीकरांनीं १९७४ सालींच त्या नांवाची विज्ञानकथा लिहिली होती.) सुटकेच्या घाईंत कारा थ्रेस ही वैमानिक एका गाण्याच्या सुरांस आंकडे लावून ते यंत्रांत भरते, आणि नौका जेथें जाऊन पोहोंचते ती आपली ही पृथ्वी, दीड लाख वर्षांपूर्वींची. तेथें भाषाहि न जाणणारे मनुष्य टोळ्यांनीं हिंडत आहेत. तेव्हां अडामाचा पुत्र ली सुचवितो कीं, येथें नगर वसवूं नये. आपली बुद्धि नेहमीं आपल्या हृदयाच्या पुढें धांवत आली, म्हणून आतां सर्व सोडून रिकाम्या हातांनीं आरंभ करावा. सर्वजण माना डोलावतात. तांड्यांतील यच्चयावत् नौका सूर्यांत लोटून दिल्या जातात, आणि सुमारें ३८,००० माणसें अंगावरचीं वस्त्रें व थोडी सामग्री घेऊन पृथ्वीभर पांगतात. रोझलिन दुर्धर रोगानें, अडामाच्या शेजारीं विमानांत बसून खालचीं जनावरें पाहत पाहत, प्राण सोडते. कारा थ्रेस माळावर बोलतां बोलतां नाहींशी होते. मग दीड लाख वर्षें एका पावलांत ओलांडून कथा न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकांत येते. तेथें दोन देवदूतसदृश व्यक्ति फिरत आहेत. आणि हेरा हीच आपणां सर्वांची आदिमाता, असें आपणांस सांगण्यांत येतें.

रोझलिनच्या मरणाचा प्रसंग पाहतांना आमचे डोळे भरून आले हें नमूद करतों. अडामा आपल्या बोटांतली अंगठी काढून तिच्या बोटांत घालतो तो क्षण खराखुरा आहे. पण डोळे पुसल्यावर माणूस इकडे तिकडे पाहूं लागतो, आणि तेव्हां त्याला दिसतें तें असें.

ही मंडळी जें सूर्यांत टाकतात तें काय आहे? लोखंडाचे सांगाडे, असें क्षणभर वाटतें. वस्तुतः त्या नौकांबरोबर शस्त्रक्रियेचीं हत्यारें गेलीं, औषधें गेलीं, तीं करण्याचीं साधनें गेलीं, ग्रंथ गेले, नकाशे गेले, आणि बारा ग्रहांवर मेलेल्या अब्जावधि लोकांच्या ज्या कांहीं खुणा उरल्या होत्या त्याहि गेल्या. आमच्या आजीला नऊ अपत्यें झालीं. त्यांतील चार वांचलीं. पांचांपैकीं दोन देवीनें गेलीं, एक घटसर्पानें, एक हगवणीनें, आणि एक जन्मतःच. म्हातारपणीं ती तीं पांचहि नांवें क्रमानें सांगत असे. जन्मतःच गेलेल्यासहि तिनें मनांतल्या मनांत नांव ठेविलेलें होतें. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें १९८० सालीं जाहीर केलें, तेव्हां ती हयात होती. ती बातमी तिला वाचून दाखविली असतां तिनें देवापुढें साखर ठेविली, आणि त्या दिवशीं ती फारसें बोलली नाहीं. जी मंडळी ज्ञानाच्या ओझ्यापासून सुटका झाली म्हणून आनंदित होतात, त्यांनीं ही पांच नांवें ऐकलेलीं नसतात. त्या हिरव्या माळावर पुढच्या पावसाळ्यांत एखाद्या पोराच्या घशांत पडदा धरेल, तेव्हां त्याच्या आईला ‘बुद्धीपेक्षां हृदय थोर’ हें वाक्य कितपत पुरेल, याचें उत्तर ली अडामानें द्यावयास पाहिजे होतें. त्यास तें कोणी विचारीतच नाहीं.

याला कोणी वैराग्य म्हणेल. आमच्या देशास वैराग्याचा परिचय थोडा नाहीं. म्हणूनच दोन गोष्टींतला भेद आम्हांस लवकर कळावयास हवा. स्वतःच्या ताटांतलें अन्न सोडणें हा उपास. लेकराच्या ताटांतलें काढून घेणें ही उपासमार. संन्यासी स्वतःचें घर सोडतो. तो गांवची विहीर बुजवून जात नाहीं. आपल्या परंपरेनें मनुष्याच्या डोक्यावर जीं तीन ऋणें सांगितलीं, त्यांत देवऋण आणि पितृऋण यांच्याबरोबर ऋषिऋण आहे, आणि तें अध्ययनानें व अध्यापनानेंच फिटतें. मिळालेलें ज्ञान पुढच्या पिढीच्या हातीं देणें हा दाता होण्याचा तोरा नसून, ती घेतलेल्या कर्जाची फेड आहे. तें ज्ञान सूर्यांत टाकणारा दिवाळखोर होय. त्यास त्यागी म्हणणें हा शब्दाचा अपमान आहे.

ज्ञानामुळेंच संहार ओढवला, म्हणून ज्ञान टाकलें, असा या शेवटाचा मुख्य आधार. पण हा आधार खुद्द मालिकेनेंच आधीं मोडून ठेवलेला आहे. तिच्या कथेप्रमाणें मनुष्य व यंत्र यांचा हा संघर्ष पूर्वींहि एकदां, ‘पृथ्वी’ म्हणविणाऱ्या दुसऱ्या एका ग्रहावर, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं घडलेला होता. त्या संहारांतून पांच जण वांचले, आणि आपली चूक बारा वसाहतींनीं पुन्हां करूं नये, आपल्या यंत्रांस माणुसकीनें वागवावें, एवढा निरोप सांगण्यासाठीं ते अंतराळांतून दीर्घ प्रवासास निघाले. त्यांच्या नौकेस उडी घेतां येत नव्हती. ते पोहोंचले तेव्हां युद्ध पेटलेलें होतें. याचा अर्थ काय? चक्र फिरत राहिलें तें जाणणाऱ्यांच्या ज्ञानामुळें नव्हे. जाणणाऱ्यांचा निरोप वेळेवर पोहोंचला नाहीं म्हणून तें फिरलें. विस्मृति हाच रोग होता आणि स्मृति हेंच औषध होतें. शेवटच्या भागांतील शहाणे औषध ओतून देतात आणि रोगासच उपचार म्हणतात. मग टाइम्स चौकांत ते दोन देवदूत, मनुष्य पुन्हां यंत्रें घडवूं लागलेला पाहून, हें सर्व परत घडेल काय, असा प्रश्न एकमेकांस टाकतात! ज्यांनीं इशाऱ्याची वही जाळली त्यांच्या वंशजांस इशारा आठवत नाहीं, यांत गूढ तें काय? आणि गंमत पहा: त्याच भागांत यंत्रसैनिकांस स्वातंत्र्य देऊन एक अख्खी नौका बहाल केली जाते व ते अंतराळांत निघून जातात. म्हणजे यंत्रांचें ज्ञान यंत्रांपाशीं राहिलें. मनुष्यानें मात्र आपलें टाकलें. असा तह कोणत्या शहाण्या राजानें केला असता?

दुसरा आक्षेप पात्रांविषयींचा आहे. मूर यांनीं पुढें सांगितलें कीं, शेवटाच्या कथानकाची गांठ सुटेना, तेव्हां त्यांनीं फळ्यावर पात्रें हींच खरी वस्तु अशा अर्थाचें वाक्य लिहून काम पुढें चालविलें. तत्त्व उत्तम आहे. मग पात्रांकडेच पाहूं. या लोकांनीं प्राणसंकटांत असतांहि निवडणुका घेतल्या. अध्यक्षानें सेनापतीस आणि सेनापतीनें अध्यक्षास आव्हान दिलें. बारा वसाहतींचे प्रतिनिधि भांडभांड भांडले. २००९ च्या आरंभींच्या भागांत, सायलॉनांपैकीं कांहींशीं सख्य करावें कीं नाहीं एवढ्यावरून, रक्तरंजित बंड झालें आणि बंडाचे पुढारी गोळी घालून मारले गेले. एवढी तंटेखोर, मानी, जिवंत प्रजा. आणि औषध, दिवा, ग्रंथ, छप्पर, सर्व सोडा म्हटल्याबरोबर ३८,००० मुखांतून एकहि नकार निघूं नये! मतदान नाहीं, सभा नाहीं, एखादी बाई ‘माझ्या मुलाला दमा आहे’ म्हणून पुढें येत नाहीं. खुद्द मालिकेंतील एक पात्र, लोक इतक्या सहजीं तयार झाले याचें आश्चर्य व्यक्त करतें. लेखकाला स्वतःच्या मनांतली शंका पात्राच्या तोंडीं घालावी लागली, एवढें तरी त्यावरून दिसतें. शंका बोलून दाखविल्यानें ती फिटत नाहीं.

आणि रोझलिन! नव्या कॅप्रिका नांवाच्या उजाड ग्रहावर हे लोक कांहीं काळ राहिले, तेव्हां निवडणूक हरलेली ही बाई तंबूंत शाळा भरवीत होती. आम्हां मास्तरलोकांस सबंध मालिकेंत त्याहून सुंदर चित्र नाहीं. भोंवतीं चिखल आहे, अन्न अपुरें आहे, उद्यांची शाश्वति नाहीं. पण सकाळीं मुलें जमतात आणि बाई शिकवितात. तिच्या डोळ्यांदेखत सर्व विद्येचें विसर्जन ठरावें आणि तिनें एक शब्दहि बोलूं नये, यासाठीं लेखकानें तिला मरणोन्मुख करून ठेविलें, असा संशय आम्हांस येतो. ती धडधाकट असती, तर तें ठरणें सोपें गेलें नसतें.

तिसरा आक्षेप शास्त्राचा. ज्या आदिमातेचें नांव शेवटीं घेतलें जातें, तिची कल्पना रेबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांच्या १९८७ सालच्या ‘नेचर’मधील निबंधानें प्रसिद्धीस आली. पेशींतील मायटोकॉण्ड्रिया या कणांचा वारसा केवळ आईकडून येतो. तो आईची आई, तिची आई, असा मागें नेत गेल्यास हल्लींच्या सर्व मनुष्यांच्या रेषा एका स्त्रीपाशीं मिळतात, आणि ती सुमारें दोन लाख वर्षांपूर्वीं आफ्रिकेंत असावी, असा त्यांचा अंदाज होता. ती त्या काळची एकटी स्त्री नव्हती. तिच्या भोंवतीं इतर पुष्कळ स्त्रिया होत्या आणि त्यांचाहि वारसा मुलग्यांच्या द्वारें आपल्यापर्यंत आलेला असूं शकतो. केवळ आईची ओळ सोडून सर्व ओळींनीं शोध केला, तर आपणां सर्वांचा अगदीं अलीकडचा समान पूर्वज याहून पुष्कळच अलीकडे सांपडतो. मालिकेंत मात्र या दोन्ही गोष्टी एक करून टाकल्या आहेत. ही चूक किरकोळ म्हणून आम्ही सोडूनहि देऊं. पण दुसरी सोडवत नाहीं. त्याच भागांत गायस बाल्टर हा शास्त्रज्ञ, आपल्याला शेती येते, असें गहिंवरून सांगतो. तो शेतकऱ्याचा मुलगा, आणि तो प्रसंग हृद्य आहे. परंतु पृथ्वीवर शेतीचा आरंभ दहा-बारा हजार वर्षांपलीकडे जात नाहीं. मग बाल्टरच्या शेताचें काय झालें? त्यांच्या भाषेचें, लिपीचें, गणिताचें काय झालें? एकच उत्तर संभवतें: एक-दोन पिढ्यांत सर्व बुडालें, आणि नातवंडें मुक्या टोळ्यांत मिसळून गेलीं. जमाखर्च मांडला तर हा शेवट असा आहे. ज्या तांड्यासाठीं आपण चार पर्वें जीव टांगणीला लावून बसलों, त्याची संस्कृति पहिल्याच शतकांत निपटून निघाली, आणि ही गोष्ट वाद्यांच्या मधुर साथींत आपणांस कळूं न देतां सांगितली गेली. सायलॉनांस जें साधलें नाहीं तें ली अडामाच्या एका वाक्यानें साधलें.

शेवटचा आक्षेप दैवी शक्तीचा. कारा थ्रेस २००७ सालीं एका भागांत मरते आणि कांहीं भागांनंतर नव्या कोऱ्या विमानांतून परत येते. २००९ च्या आरंभीं तिला त्या उद्ध्वस्त ग्रहावर स्वतःचेंच जळालेलें प्रेत सांपडतें. ‘मग मी कोण?’ हा तिचा प्रश्न पुढें सर्व मालिकेचा प्रश्न होतो. उत्तर असें: ती माळावर उभी असते, आणि मग नसते. सुरांचे आंकडे पृथ्वीवरच कसे उतरवितात, कोणी हें योजिलें, याचेंहि उत्तर एका दैवी शक्तीकडे बोट दाखवून मोकळें होतें.

येथें आमचे विरोधक आम्हांस आमच्याच घरांत गांठतात. ते म्हणतात, ‘‘तुम्ही शाकुंतल शिकवितां. त्यांत शाप आहे, स्वर्गगमन आहे, मारीचाचा आश्रम आहे. निर्वहणसंधींत अद्भुत रस योजावा, असें आपले नाट्यशास्त्रकारच सांगतात. शिवाय या मालिकेंत भाकितें आणि दृष्टांत पहिल्यापासून होतेच. मग देवाचीच एवढी ॲलर्जी कां?’’ आक्षेप सबळ आहे आणि त्याला टाळून जाणें आम्हांस शोभणार नाहीं. होय, दृष्टांत पहिल्यापासून होते. आणि देव कथेंत नको असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पण कालिदास देवाकडून काय करवितो तें पहा. चौथ्या अंकाच्या आरंभींच दुर्वासाचा शाप आपल्या कानांवर पडतो. त्याचा उःशापहि तेथेंच कळतो, कीं ओळखीची खूण दिसली म्हणजे शाप सरेल. पांचव्या अंकांत अंगठी बोटांत नाहीं. सहाव्यांत ती कोळ्याला माशाच्या पोटांत सांपडते, आणि सांगितलेल्या अटीप्रमाणेंच राजाला स्मृति येते. स्मृति आल्यावरहि त्याची सुटका नाहीं. त्याला पश्चात्तापांत होरपळावें लागतें, आणि मगच मारीचाच्या आश्रमांत मुलाच्या खेळांतून मीलन होतें. अद्भुत आहे, पण तें बोलीस बांधलेलें आहे. आणि मनुष्याचा हिशेब मनुष्यालाच चुकवावा लागतो. ग्रीकांकडे ॲरिस्टॉटलनें हेंच सांगितलें: कथेची उकल कथेंतूनच व्हावी, यंत्रावरून उतरलेल्या देवाकडून नव्हे, आणि ‘मीडिया’ नाटकाच्या शेवटास त्यानें याच कारणास्तव दोष दिला. गॅलॅक्टिकाचा देव कोणत्या बोलीस बांधलेला आहे? त्याची अट कोणती, उःशाप कोणता? जेथें लेखकाची गांठ सुटत नाहीं तेथें तो येतो, एवढाच त्याचा नियम. त्यास देव म्हणण्यापेक्षां लेखकाचा मुनीम म्हणणें अधिक बरोबर. कारण जमेस न बसणारी प्रत्येक रक्कम त्याच्या खात्यावर टाकलेली आहे.

असो. येथवर चार आक्षेप आम्हीं वेगळे मांडले, पण ते मुळांत एकच आहेत. पात्रांनीं जड झालेलें ज्ञान सूर्यांत टाकलें. लेखकानें जड झालेले प्रश्न देवावर टाकले. दोघांनींहि ओझें टाकण्याला उदात्ततेचें नांव दिलें, आणि दोघांचेंहि ऋण दुसऱ्याच्या माथीं बसलें: एकाचें त्या न जन्मलेल्या मुलांच्या, दुसऱ्याचें आम्हां प्रेक्षकांच्या. एकट्या लेखकाच्या दिवाळखोरीवर आम्ही एवढीं पानें खर्चिलीं नसतीं. वर्षानुवर्षें चाललेल्या कथेचा शेवट करणें किती कठीण, हें आम्ही जाणतों. पण ज्ञान टाकून देणें म्हणजे शुद्ध होणें, ही कल्पना या शेवटानें इतक्या सुंदर सूर्यप्रकाशांत दाखविली आहे कीं, थकलेल्या तरुण मनांस तिची भुरळ पडते, आणि भोंवतालचें जग तरुण मनें थकविण्यास हल्लीं समर्थ आहे.

आमच्या कन्येला आम्हीं त्या रात्रीं हें सर्व ऐकविलें नाहीं. आम्हीं तिला फक्त पणजीचीं ती पांच नांवें सांगितलीं. तीं तिला ठाऊक नव्हतीं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनें विचारलें, ‘‘मग त्यांनीं काय करायला हवें होतें?’’ आम्हीं म्हटलें, ‘‘बाईंचा तंबू ठोकायला हवा होता.’’ नौका सूर्यांत घालावयाच्या तर खुशाल घालाव्या. पण एक तंबू उभा करावा, एक फळा ठेवावा, मेलेल्यांचीं नांवें, युद्धाचें कारण, घटसर्पाचें औषध आणि जोंधळा पेरण्याची वेळ, एवढें त्या मुलांकडून पाठ करून घ्यावें, आणि त्यांनीं तें आपल्या मुलांस शिकवावें अशी शपथ घालावी. असें झालें असतें, तर शेवटीं देव आला असता तरी आम्हांस चाललें असतें. तंबूच्या दारांत त्यालाहि बसावयास जागा मिळाली असती.